दोन तासांत काम शिकवायचे कसे?



मुलाला शिकवायला आपल्या हाती वर्षे असतात. आज पाढा आला नाही तर उद्या येईल, उद्या नाही तर दिवाळीनंतर येईल. मोठ्या माणसाला काम शिकवायचे असते तेव्हा अशी सवड मिळत नाही. द्राक्षाची छाटणी उद्या सुरू व्हायची असते आणि मजुरांची नवी टोळी आज रात्री उतरते. दूध संकलन केंद्रावर नवा मुलगा उद्या पहाटे काट्यापाशी उभा राहायचा असतो. किंवा रविवारी दोन तासांचा वर्ग होतो आणि पुढच्या आठवड्यात मतदान असते. अशा घाईत काम शिकवावे कसे, याविषयी आज थोडे बोलू या.

आपल्यातल्या पुष्कळ शिक्षकांच्या ओळखीचा प्रसंग घेतो. लोकसभेची किंवा विधानसभेची निवडणूक लागली, की शाळेत नेमणुकीचा आदेश येतो. कोणी मतदान केंद्राध्यक्ष, कोणी पहिला मतदान अधिकारी, कोणी दुसरा, कोणी तिसरा. मग तालुक्याच्या गावी प्रशिक्षण. मंगल कार्यालयाचे सभागृह, एकशेवीस माणसे, व्यासपीठावर एक यंत्र, पडद्यावर भराभर सरकणारी चित्रे. सांगणारा माणूस जाणता असतो, तळमळीनेही सांगतो. मागच्या रांगेतल्या बाईंना यंत्र दिसत नाही, पण त्या वहीत उतरवून घेतात. शेवटी प्रश्न येतो, "समजलं ना सगळ्यांना?" सभागृह एका सुरात म्हणते, "हो!" आणि एस.टी. चुकू नये म्हणून सगळे उठतात.

त्या "हो"चा अर्थ काय, हे मतदानाच्या दिवशी पहाटे कळते. यंत्र समोर, उमेदवारांचे प्रतिनिधी समोर, घड्याळ पुढे पळते आहे, आणि वही उघडली तर आपलेच अक्षर आपल्याला लागत नाही.

यात पणाला काय लागलेले असते तेही पाहू. खऱ्या मतदानाआधी अभिरूप मतदान घ्यावे लागते. प्रतिनिधींच्या देखत किमान ५० मते टाकून यंत्र बरोबर चालते हे दाखवायचे. मग क्लोज, रिझल्ट आणि क्लिअर ही तीन बटणे या क्रमाने दाबायची, चिठ्ठ्यांच्या पेटीतल्या चाचणीच्या चिठ्ठ्या काढून वेगळ्या मोहोरबंद करायच्या, यंत्रात शून्य मते आहेत हे सर्वांना दाखवायचे, आणि मगच खरे मतदान सुरू करायचे. आता घाईत क्लिअर दाबायचे राहिले, तर चाचणीची मते खऱ्या मतांत मिसळतात. संध्याकाळी नोंदवहीतल्या मतदारांची संख्या एक आणि यंत्रातली संख्या दुसरी. मग वाद, अहवाल, खुलासे. गावातल्या शेकडो माणसांनी रांगेत उभे राहून दिलेल्या मतावर शंकेची सावली पडते. शिवाय वीस-पंचवीस वर्षे चोख नोकरी केलेल्या एखाद्या गुरुजींच्या हाती कारणे दाखवा नोटीस येते. गुरुजी म्हणतात, "मला हे कधी करून पाहायलाच मिळालं नाही." कार्यालय म्हणते, "प्रशिक्षणाच्या हजेरीपटावर तुमची सही आहे."

दोघेही खरेच बोलतात. गफलत आहे ती हजेरी आणि शिकणे या दोन गोष्टी एकच मानण्यात.

थोडे गणित करू. माणसे एकशेवीस, यंत्र एक, वेळ दोन तास, म्हणजे एकशेवीस मिनिटे. व्याख्यान अजिबात दिले नाही आणि सबंध वेळ यंत्र हाताळण्याला दिला, तरी प्रत्येकाच्या वाट्याला एक मिनिट येते. एका मिनिटात कोणाला सायकल तरी येते का? तेव्हा सांगणारा कितीही चांगला असो, या मांडणीतच काम शिकवले जाण्याची सोय नाही.

हाच पेच पूर्वी एका देशापुढे फार मोठ्या प्रमाणावर उभा राहिला होता. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, अमेरिकेला भराभर जहाजे बांधायची होती आणि गोदीत कसबी माणसे पुरेशी नव्हती. चार्ल्स अ‍ॅलन नावाच्या धंदेशिक्षणाच्या शिक्षकाने तेव्हा काम शिकवण्याची चार पायऱ्यांची रीत वापरात आणली, आणि १९१९ साली तिच्यावर पुस्तकही लिहिले. पुढे दुसरे महायुद्ध आले. १९४० साली अमेरिकेने 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नावाचा उपक्रम सुरू केला. चॅनिंग डूली आणि वॉल्टर डिएट्झ हे त्याचे धुरीण होते. कारखान्यांतले जुने हात सैन्यात चालले होते, त्यांच्या जागी शेतावरून आलेली, घरातून प्रथमच बाहेर पडलेली स्त्रीपुरुष माणसे उभी राहत होती. शिकवायला महिने नव्हते, आणि हाताखालच्यांना शिकवणार कोण, तर मुकादम. मुकादमाला काम येत होते, पण शिकवणे येत नव्हते.

म्हणून त्यांनी प्रथम मुकादमांना शिकवण्याचे शिक्षण दिले. एकेका वर्गात दहाच्या आसपास माणसे, दोन दोन तासांच्या पाच बैठका, एकंदर दहा तास. शेवटी खिशात मावेल एवढे एक कार्ड. १९४५ साली उपक्रम संपला तोवर सोळा हजारांहून अधिक कारखान्यांत मिळून सुमारे साडेसतरा लाख प्रमाणपत्रे दिली गेली होती. युद्धानंतर ही रीत जपानच्या कारखान्यांत रुजली, आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेमार्फत १९५०च्या दशकात आपल्याकडेही आली.

त्या वर्गाची पहिली बैठक ऐकण्याजोगी आहे. विजेच्या दिव्याच्या तारेला आतून एक विशिष्ट गाठ मारतात, ताण पडला तरी जोड सुटू नये म्हणून. शिक्षक एकाला पुढे बोलावून ती गाठ कशी मारायची हे फक्त तोंडाने सांगे. उजवे टोक असे घ्या, डाव्याच्या मागून न्या, फासातून काढा. मग म्हणे, मारा गाठ. तो माणूस गोंधळून उभा. शिक्षक दुसऱ्याला बोलावी आणि आता न बोलता नुसती गाठ मारून दाखवी. त्यालाही जमत नसे. मग तिसऱ्याला तीच गाठ रीतीने शिकवली जाई आणि तो ती मारून दाखवी. नुसते सांगणे म्हणजे शिकवणे नव्हे आणि नुसते दाखवणे म्हणजेही शिकवणे नव्हे, ही गोष्ट काही मिनिटांत वर्गाला स्वतःच्या बोटांवरून पटत असे.

मग ती रीत कोणती? चार पायऱ्या अशा.

पहिली पायरी, माणसाची तयारी. त्याला सैल होऊ द्यायचे, या कामातले त्याला आधीपासून काय येते हे विचारायचे, काम कशासाठी आहे ते सांगायचे, आणि त्याला अशा जागी उभे करायचे की शिकवणाऱ्याचे हात त्याला सरळ दिसतील.

दुसरी, काम मांडणे. एका वेळी एकच पायरी सांगायची, दाखवायची, आणि तिच्यातले मर्म ठसवायचे. त्याला पेलेल त्याहून जास्त एका वेळी द्यायचे नाही.

तिसरी, त्याच्याकडून करवून घेणे. प्रथम त्याने मुकाट्याने करावे, चूक जागच्या जागी दुरुस्त करावी. पुन्हा करताना त्याने तोंडाने सांगत करावे, म्हणजे मर्म त्याच्या ध्यानात आले की नाही हे कळते. त्याला आले अशी खात्री होईपर्यंत हे चालू ठेवायचे.

चौथी, पाठ राखणे. त्याला त्याच्या कामावर सोडायचे, अडले तर कोणाला विचारायचे ते नाव घेऊन सांगायचे, आणि मधून मधून जाऊन पाहायचे. पुढे पुढे हे पाहणे कमी करायचे.

अध्यापक विद्यालयात हर्बार्टची पंचपदी शिकलेल्या शिक्षकांना हे ओळखीचे वाटेल. पूर्वतयारी आणि विषयप्रतिपादन तिथेही आहे, शेवटी उपयोजन तिथेही आहे. फरक एवढाच, की इथे उपयोजन हा तासाचा शेवटचा तुकडा राहत नाही. बहुतेक तास त्यालाच दिलेला असतो. त्या कार्डावर एक वचन छापलेले असे. त्याचा आशय असा, की कामगार शिकला नसेल तर शिक्षकाने शिकवलेलेच नाही. मघाच्या गुरुजींच्या नोटिशीला हे उत्तर लागू पडते.

आता यातला 'मर्म' हा शब्द जरा उलगडून पाहू, कारण वेळ वाचतो तो तिथे. वर्गाआधी शिकवणाऱ्याने कामाची फोड करायची. कागदाच्या मधोमध रेघ ओढायची. डावीकडे कामाच्या पायऱ्या, उजवीकडे प्रत्येक पायरीचे मर्म. मर्म म्हणजे ज्यावाचून काम बिघडते, ज्यात हात कापतो, किंवा जे कळले की काम सोपे जाते, ते.

द्राक्षाची ऑक्टोबरातली गोडी छाटणी घ्या. अनुभवी बागाईतदार नव्या टोळीला तासभर सांगू शकेल. जातींविषयी, खतांविषयी, गेल्या वर्षीच्या पावसाविषयी. पण फोड करायला बसला तर पायऱ्या तीनच निघतात. काडी धरणे, डोळे मोजणे, कापणे. काडी धरण्याचे मर्म हे, की ती ओढायची नाही. मोजण्याचे मर्म हे, की मालकाने दाखवलेल्या जागेपासून पुढे ठरवून दिलेले डोळेच राखायचे, अंदाजाने नाही. कारण फळ देणारा डोळा कापला गेला तर त्या काडीचे वर्ष गेले. कापण्याचे मर्म हे, की कात्री डोळ्याला घासून लावायची नाही, थोडे अंतर ठेवायचे, नाहीतर शेवटचा डोळा वाळतो. झाले. एवढे सांगायला पाच मिनिटे. उरलेला वेळ एका वेलीवर प्रत्येकाकडून पाच पाच काड्या कापून घ्यायला. त्या दहा मिनिटांत जी चूक सापडेल, ती उद्या हजार वेलींवर होणार नाही.

यावर कोणी म्हणेल, की मग बाकीचे ज्ञान काय टाकून द्यायचे? टाकून द्यायचे नाही. त्याची जागा ठरवायची. कोणत्याही कामाचे तीन वाटे पडतात. काही गोष्टी हातात बसल्या पाहिजेत. काही गोष्टी लक्षात राहण्याची गरजच नसते, त्या वेळेला पाहता आल्या की पुरे. आणि काही गोष्टी इतक्या क्वचित घडतात, की कोणाला विचारायचे एवढे माहीत असले म्हणजे भागते. घाईच्या वर्गात वेळ द्यायचा तो पहिल्या वाट्याला. दुसऱ्या वाट्यासाठी एक ठसठशीत अक्षरांचे पान हाती द्यायचे. तिसऱ्यासाठी एक दूरध्वनी क्रमांक.

पान पाहून काम करणे कमीपणाचे वाटते, म्हणून हे मुद्दाम सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी १९ बाबींची एक यादी तयार केली. भूल देण्याआधी, पहिला छेद घेण्याआधी आणि रोगी बाहेर नेण्याआधी थांबून ती मोठ्याने वाचायची असते. रोगी तोच ना, शस्त्रक्रिया हीच ना, बाजू डावी की उजवी. निष्णात शल्यवैद्यांना ज्याची लाज वाटत नाही, त्याची आपण का धरावी?

दुसरा मुद्दा मोठ्या माणसाच्या मनाचा. मूल चुकते, हसते आणि पुन्हा करते. पन्नाशीची व्यक्ती चारचौघांत चुकायला भिते, त्यातून समोर आपलाच जुना विद्यार्थी अधिकारी म्हणून उभा असेल तर विचारूच नका. ती प्रश्न विचारणार नाही, "समजलं" म्हणेल. प्रौढांच्या शिक्षणाविषयी लिहिणाऱ्या माल्कम नोल्स या अमेरिकन अभ्यासकाने दाखवून दिले, की मोठा माणूस अनुभवाची शिदोरी घेऊन येतो, हे मी का शिकायचे हे त्याला आधी कळावे लागते, आणि समोरच्या अडचणीला उपयोगी पडेल ते तो लवकर उचलतो. म्हणून मोठ्यांच्या वर्गात तीन पथ्ये. त्याला काय येते ते आधी विचारा. कारण सांगा, नुसता हुकूम सांगू नका. आणि चुकायला आडोसा द्या, म्हणजे चार-पाच जणांच्या गटात चुकू द्या, शंभरांच्या सभेत नको.

तिसरा मुद्दा विसरण्याचा. शिकलेले किती भराभर निसटते, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाऊस याने १८८५ साली स्वतःवर प्रयोग करून मांडले. आणि ते थोपवायचे कसे, याचा एक प्रयोग २००६ साली रोडिगर आणि कार्पिकी यांनी प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्या गटाने एकदा वाचला आणि तीन वेळा, पुस्तक मिटून, आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा चित्र पालटले. वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवले, आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. आपल्याकडे प्रशिक्षण आणि प्रत्यक्ष काम यांत बहुधा आठवड्याचेच अंतर असते. तेव्हा वर्ग सुटताना सगळे खूश दिसले म्हणजे वर्ग साधला असे नाही. ज्या वर्गात माणसाला स्वतः आठवून करावे लागते, तो त्या क्षणी जड वाटतो, पण आठवड्याने उपयोगी पडतो.

आता मघाचे सभागृह पुन्हा मांडून पाहू. माणसे तीच एकशेवीस. सगळ्यांना एकदम न बोलावता चाळीस चाळीसच्या तीन तुकड्या करा, सकाळी, दुपारी, संध्याकाळी. प्रत्येक तुकडी दोन खोल्यांत, म्हणजे खोलीत वीस माणसे. मतदानाचे पथक चार जणांचे धरले तर खोलीत पाच पथके झाली. प्रत्येकाला एक सरावाचे यंत्र. एकंदर यंत्रे दहा लागतील, आणि शिकवणारे आधीच्या निवडणुकीत केंद्राध्यक्ष राहिलेल्या शिक्षकांतून निवडता येतील.

दोन तासांची वाटणी अशी. पहिली दहा मिनिटे, पूर्वी हे काम कोणी केले आहे आणि तेव्हा काय अडले, एवढेच विचारायचे. पुढची वीस मिनिटे काम दाखवायचे, पायरी पायरीने, मर्मासह. पुढची ऐंशी मिनिटे सराव. चार जणांना प्रत्येकी वीस मिनिटे. प्रत्येकाने यंत्र जोडायचे, पाच मते टाकायची (सरावाला ५० नकोत), क्लोज, रिझल्ट, क्लिअर, चिठ्ठ्या बाहेर, शून्य दाखवणे. हे तोंडाने सांगत सांगत करायचे. बाकीच्या तिघांनी प्रतिनिधी व्हायचे आणि शंका काढायच्या. शेवटची दहा मिनिटे, आज कोण कुठे चुकले ते, नाव न घेता, सर्वांसमोर. मोहोरांचा क्रम, पाकिटांचे रंग, नमुन्यांचे क्रमांक हे पाठ करायचे नाही, ते हातातल्या पानावर. आणि त्या त्या निवडणुकीची आयोगाची पुस्तिका हीच प्रमाण, हे त्या पानाच्या डोक्यावर.

वेळ वाढला का? शिकणाऱ्याचे तेच दोन तास. वाढले ते शिकवणाऱ्याचे कष्ट. त्याला तीनदा उभे राहावे लागले, आधी बसून कामाची फोड करावी लागली, दहा यंत्रे मागून आणावी लागली. घाईच्या प्रशिक्षणाचे इंगित हेच, की शिकणाऱ्याचा वेळ तोकडा असेल तर शिकवणाऱ्याने आपला जास्त घालावा. आपण उलटे करतो. एका भाषणात आपले काम उरकतो आणि त्याची भरपाई त्याला एकट्याला, पहाटेच्या अंधारात, करायला लावतो.

जाता जाता एक सूचना. शिकवून झाल्यावर "समजलं का?" हा प्रश्न काही दिवस बंद करून पाहा. त्याचे उत्तर नेहमी "हो" येते आणि त्यातून काही कळत नाही. त्याऐवजी म्हणा, "गुरुजी, आता तुम्ही मला करून दाखवा, मी बघतो." बागेत म्हणा, "दादा, ही काडी तू काप." दूध केंद्रावर म्हणा, "हा नमुना तू घे, मी फक्त शेजारी उभा आहे." त्याचे हात कुठे थबकतात ते पाहा. तिथून पुन्हा शिकवायला सुरुवात करा. उद्या त्या जागी आपण शेजारी नसणार, म्हणून आज तेवढे थांबलेच पाहिजे.